मंत्रिपद सुटल्यानंतरची खासगी नोकरी : निर्बंध किती काळाचे असावेत आणि कशावर असावेत?

प्रश्न : अभ्यासक

नमस्कार. आमच्या अभ्यासगटात सध्या सार्वजनिक पदांवरील व्यक्तींच्या आचारसंहितांवर चर्चा चालू आहे. पद सोडल्यानंतर मंत्र्यांनी स्वीकारलेल्या खासगी नोकऱ्या, संचालकपदे आणि सल्लागारपदे यांच्याविषयीच्या नियमांचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषयाचा गाभा समजायला अवघड नाही. पद गेले तरी मंत्र्याजवळ दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे सरकारच्या आतली, अजून जाहीर न झालेली माहिती, आणि दुसरी म्हणजे कालपर्यंतच्या सहकाऱ्यांपर्यंत असलेली थेट पोच. या दोन्ही गोष्टी त्याला जनतेने दिलेल्या पदामुळेच मिळालेल्या असतात. त्या उद्या एखाद्या कंपनीच्या कामाला लागू नयेत म्हणून अनेक देशांनी पद सोडल्यानंतर काही काळ थांबण्याची, म्हणजे 'कूलिंग-ऑफ'ची अट घातली आहे.

अडचण सुरू होते ती या काळाच्या लांबीपासून. ब्रिटनमध्ये दोन वर्षे, फ्रान्समध्ये तीन वर्षे, ऑस्ट्रेलियात अठरा महिने, तर कॅनडात माजी मंत्र्यांना नोकरीसाठी दोन वर्षे आणि लॉबिंगसाठी, म्हणजे कोणाच्या तरी कामासाठी सरकारवर वजन वापरण्यासाठी, पाच वर्षे. धोका सगळीकडे साधारण सारखाच असताना काळ इतके वेगळे का, आणि ते ठरवताना कोणते तत्त्व लावले गेले, हे मला कुठेच नीट मांडलेले सापडले नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ग्रीनसिल कॅपिटल या कंपनीसाठी सरकारमधील मंत्र्यांशी संपर्क साधला. त्यावर पुढे चौकशा झाल्या, पण नियमांचा भंग झाला असे कोणाला म्हणता आले नाही. सगळा देश ज्या वर्तनावर नाराज होतो ते वर्तन नियमात बसत असेल, तर तो नियम नेमका कोणत्या गोष्टीवर बेतलेला असतो?

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. निवडणूक हरलेल्या माणसाने दोन-तीन वर्षे उपजीविकेसाठी काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

प्रतिसाद : प्रशासन

ब्रिटनचे उदाहरण आपण काढले आहे, तर त्याच्याकडे जरा खोलात जाऊन पाहू, कारण केवळ सल्ल्यावर चालणारी व्यवस्था कुठे टिकते आणि कुठे निकामी होते हे तिथे फार स्पष्ट दिसते.

पद सोडल्यानंतरच्या नोकऱ्यांविषयी सल्ला देणारी तिथली समिती १९७५ साली स्थापन झाली ती सनदी अधिकाऱ्यांसाठी. मंत्र्यांना ती लागू नव्हती. १९९४ मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक जीवनातील मानकांसाठी समिती नेमली. तिचा पहिला अहवाल १९९५ मध्ये आला आणि त्यानंतर माजी मंत्रीही या सल्लागार समितीच्या कक्षेत आले. पद सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत कोणतेही नवे काम घ्यायचे असेल तर ते जाहीर करण्यापूर्वी किंवा स्वीकारण्यापूर्वी समितीचा सल्ला मागायचा, अशी पद्धत ठरली. कॅबिनेट दर्जाच्या मंत्र्यांनी सामान्यतः किमान तीन महिने थांबावे आणि दोन वर्षे सरकारपुढे कोणासाठीही लॉबिंग करू नये, अशी अपेक्षा होती.

यात कळीचा शब्द 'सल्ला' हा आहे. समितीला मनाई करण्याचा अधिकार नव्हता, दंड करण्याचा नव्हता आणि स्वतःहून चौकशी करण्याचाही नव्हता. सल्ला न मागता काम स्वीकारणाऱ्याला ती पत्र लिहू शकत होती आणि ते पत्र प्रसिद्ध करू शकत होती. ज्याला आपल्या प्रतिष्ठेची काळजी आहे त्याच्यावर याचा परिणाम होतो. ज्याला ती नाही, किंवा ज्याची प्रतिष्ठा वादातूनच वाढते, त्याच्यावर काहीही होत नाही. जॉर्ज ऑस्बोर्न २०१६ च्या जुलैमध्ये अर्थमंत्रिपदावरून गेले आणि २०१७ च्या मार्चमध्ये लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा समितीचा सल्ला अजून यायचा होता. बोरिस जॉन्सन यांनी २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडले आणि समितीला आधी न विचारता एका दैनिकाशी स्तंभलेखनाचा करार केला. २०२३ मध्ये, पंतप्रधानपद सोडून वर्ष होत नाही तोच, दुसऱ्या दैनिकाच्या स्तंभाच्या वेळी त्यांनी समितीला कळवले ते घोषणेच्या अर्धा तास आधी. समितीने तो नियमांचा स्पष्ट भंग असल्याचे लिहिले. त्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हते.

आता कॅमेरॉन. त्यांनी २०१६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानपद सोडले, म्हणजे दोन वर्षांची मुदत २०१८ च्या जुलैमध्ये संपली. ग्रीनसिलचे सल्लागारपद त्यांनी स्वीकारले ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये. त्यामुळे समितीकडे जाण्याचे बंधन उरले नाही. या कंपनीचे संस्थापक कॅमेरॉन यांच्याच कारकिर्दीत पंतप्रधान कार्यालयाच्या वर्तुळात पुरवठादारांच्या देयकांसाठीच्या वित्तव्यवस्थेचे सल्लागार म्हणून वावरलेले होते, ही बाब तारखांच्या हिशेबात कुठे येतच नाही. २०२० मध्ये महासाथीच्या काळात कंपनीला सरकारी अर्थसाहाय्याच्या योजनेत घ्यावे म्हणून कॅमेरॉन यांनी अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्यासह अनेकांना संदेश पाठवले. मागणी मान्य झाली नाही आणि २०२१ च्या मार्चमध्ये कंपनी कोसळली. लॉबिंगच्या नोंदणीसाठी २०१४ चा कायदा होता, परंतु तो दुसऱ्यांसाठी शुल्क घेऊन लॉबिंग करणाऱ्या सल्लागारांना लागू होतो आणि कॅमेरॉन कंपनीच्या नोकरीत मानले गेले, म्हणून तोही लागू झाला नाही. संसदेच्या अर्थविषयक समितीने त्यांच्या निर्णयशक्तीत मोठी उणीव होती असे म्हटले, आणि त्याच अहवालात नियमभंग झाला नसल्याचेही नोंदवले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. हा नियम दिनदर्शिकेवर बेतलेला होता. चोविसाव्या महिन्यात जे अनुचित, ते पंचविसाव्या महिन्यात निर्दोष, अशी त्याची रचना होती. मुदत दोनाची तीन वर्षे केली असती तर कॅमेरॉन अडले असते हे खरे, पण मग पुढचा कोणी छत्तीस महिने मोजून सदतिसाव्या महिन्यात तेच करू शकला असता. मुदत वाढवण्याच्या मागणीत म्हणूनच मला फारसे बळ वाटत नाही. नव्या कामाचा जुन्या पदावरील निर्णयांशी काय संबंध आहे, हा प्रश्न नियमाच्या मध्यभागी असायला हवा आणि काळ त्याच्या कडेला.

अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ही सल्लागार समिती बरखास्त झाली. माजी मंत्र्यांच्या अर्जांचे काम मंत्र्यांच्या आचारसंहितेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र सल्लागाराकडे आणि अधिकाऱ्यांचे काम सनदी सेवा आयोगाकडे गेले. नियमांचा गंभीर भंग करणाऱ्या माजी मंत्र्याने पद सोडताना मिळालेली भरपाईची रक्कम परत करावी, अशी अपेक्षाही त्याबरोबर घोषित झाली. पैशाशी जोडलेला परिणाम पहिल्यांदाच आला, हे मला महत्त्वाचे वाटते. मात्र ही रक्कम मंत्रिपदाच्या वार्षिक वेतनाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असते, आणि मोठ्या कंपनीच्या मानधनापुढे ती किती जड ठरेल याची मला शंका आहे.

प्रतिसाद : मध्यममार्गी

वरील मांडणी मला पटते, पण तिसऱ्या प्रश्नाला बगल मिळू नये.

मंत्रिपद ही अशी जागा आहे की तिथून माणूस एका रात्रीत बाहेर पडतो. ना नोटिशीचा काळ, ना पुढच्या कामाची तयारी. ज्याच्याजवळ घराण्याची मालमत्ता आहे त्याला तीन वर्षे थांबणे कठीण नाही. वकिली, वैद्यकी, अध्यापन किंवा अभियांत्रिकी सोडून जो राजकारणात आला, त्याच्याकडे परत जायला फक्त आपला व्यवसाय असतो. त्याचे खाते त्याच व्यवसायाशी संबंधित असेल, आणि बहुधा जाणकार म्हणूनच त्याला ते दिलेले असते, तर सरसकट बंदीचा सर्वांत मोठा फटका सर्वांत लायक मंत्र्याला बसतो. नियम कडक करताना आपण राजकारण फक्त धनवानांसाठी किंवा जन्मभर राजकारणच करणाऱ्यांसाठी राखून ठेवत नाही ना, हे पाहायला हवे.

यावर उपाय आहे आणि तो काही देशांनी केलेला आहे. थांबायला सांगायचे असेल तर थांबण्याच्या काळाचे वेतन द्यावे. नॉर्वेमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार स्वतंत्र मंडळ माजी मंत्र्याला कमाल सहा महिन्यांपर्यंत नवी नोकरी सुरू करण्यापासून थांबवू शकते आणि त्या काळात त्याला मोबदला मिळतो. त्याखेरीज, नोकरी करू दिली तरी ठरावीक विषयांपासून एक वर्षापर्यंत दूर राहण्याची अट घालता येते. जर्मनीतही बंदीच्या काळात संक्रमण भत्ता दिला जातो. सार्वजनिक तिजोरीतून हा खर्च का करावा, असे विचारणारे असतील. एका अनुचित कंत्राटाने किंवा वाकवलेल्या एका नियमाने तिजोरीचे जे नुकसान होते त्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : विधिज्ञ

जर्मनीचा उल्लेख आला आहे, तर तो कायदा कोणत्या पार्श्वभूमीवर आला हेही सांगायला हवे, कारण पद सोडल्यानंतरच्या नियमांचे खरे प्रयोजन त्यातून कळते.

गेरहार्ड श्रोडर यांनी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये चान्सलरपद, म्हणजे जर्मनीचे सरकारप्रमुखपद, सोडले. रशियातून बाल्टिक समुद्राखालून येणाऱ्या वायुवाहिनीच्या प्रकल्पाला त्यांनी पदावर असताना राजकीय पाठबळ दिले होते आणि त्यासंबंधीचा करार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाला होता. पद सोडल्यावर काही आठवड्यांतच त्या वायुवाहिनीच्या कंपनीत भागधारक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. तेव्हा त्यांना अडवणारा कोणताही कायदा नव्हता. तो यायला आणखी जवळजवळ दहा वर्षे लागली. २०१५ च्या जर्मन कायद्यानुसार माजी मंत्र्याने पद सोडल्यानंतरच्या अठरा महिन्यांत स्वीकारायचे खासगी काम आधी कळवावे लागते, तीन सदस्यांचे सल्लागार मंडळ शिफारस करते आणि सरकार सामान्यतः एक वर्षापर्यंत, गंभीर प्रकरणात अठरा महिन्यांपर्यंत मनाई करू शकते.

श्रोडर यांच्या बाबतीत लोकांना बोचले ते काय, याचा विचार करावा. त्यांनी नंतर कोणाला फोन केले असतील ही चिंता होतीच, पण त्याहून मोठा प्रश्न मागे जाणारा होता: पदावर असताना घेतलेला निर्णय देशाचे हित पाहून घेतला, की पुढच्या खुर्चीकडे डोळा ठेवून? असा संशय एकदा निर्माण झाला की तो खरा की खोटा हे सिद्ध करता येत नाही. पद सोडल्यानंतरच्या नियमाचे पहिले काम पदावर असतानाच्या निर्णयांना या संशयापासून वाचवणे हे आहे. प्रामाणिक मंत्र्यालाही त्याची तितकीच गरज असते, किंबहुना अधिक असते.

या दृष्टीने मला कॅनडाचा कायदा सर्वांत विचारपूर्वक रचलेला वाटतो. हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचा तो कायदा २००६ मध्ये संमत होऊन २००७ च्या जुलैपासून लागू झाला. माजी मंत्र्यावर दोन वर्षांचे बंधन आहे, परंतु ते सरसकट नाही. पदावरच्या शेवटच्या एका वर्षात ज्या संस्थेशी त्याचा अधिकृत नात्याने थेट आणि लक्षणीय संबंध आला, तिथे त्याला नोकरी करता येत नाही, तिच्या संचालक मंडळावर जाता येत नाही आणि तिच्याशी सेवेचा करारही करता येत नाही. बाकी सगळे जग त्याला खुले असते. मध्यममार्गी यांनी ज्या वकील किंवा अभियंता मंत्र्याची काळजी व्यक्त केली आहे, तो या रचनेत उपाशी राहत नाही.

त्याच कायद्यात काही बंधने अशी आहेत की त्यांना मुदतच नाही. ज्या विशिष्ट व्यवहारात, वाटाघाटीत किंवा खटल्यात मंत्र्याने सरकारच्या बाजूने काम केले किंवा सल्ला दिला, त्याच प्रकरणात पुढे कधीही दुसऱ्या पक्षाच्या वतीने उभे राहता येत नाही. पदामुळे कळलेली आणि जनतेला उपलब्ध नसलेली माहिती वापरून ग्राहकाला सल्ला देता येत नाही, मग पाच वर्षे गेलेली असोत की पंधरा. अमेरिकेच्या फौजदारी कायद्यातही स्वतः हाताळलेल्या विशिष्ट प्रकरणापुरती अशी कायमची मनाई आहे. कॅबिनेट दर्जाच्या व्यक्तींवर सरकारी विभागांपुढे इतरांसाठी रदबदली करण्याबाबत असलेली दोन वर्षांची मनाई त्याहून निराळी. प्रश्नकर्त्यांनी विचारले की काळ इतके वेगळे का. माझे उत्तर असे की धोकेच निरनिराळे आहेत. एखाद्या प्रकरणाची आतली माहिती त्या प्रकरणाच्या आयुष्याइतकी टिकते. मंत्रालयातील ओळखी सरकार बदलेपर्यंत किंवा अधिकाऱ्यांच्या बदल्या होईपर्यंत टिकतात. नावाचे वजन याहूनही निराळ्या गतीने ओसरते. या सगळ्यांना एकच आकडा लावला तर तो एका बाबतीत अपुरा आणि दुसऱ्या बाबतीत जाचक ठरणारच.

कॅनडाच्या कायद्यातली आणखी एक तरतूद टिपणात अवश्य घ्यावी. मंत्र्याला पदावर असताना बाहेरच्या नोकरीचा निश्चित प्रस्ताव आला तर सात दिवसांच्या आत त्याने तो नीतिविषयक आयुक्तांना लेखी कळवायचा असतो. प्रस्ताव स्वीकारला तर तेही सात दिवसांत कळवायचे. संशयाची मुळे पदावर असतानाच्या काळात आहेत हे या कायद्याने ओळखले आहे.

युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाचे, उदाहरण याच्या उलट आहे. आयोगाचे अध्यक्ष जुझे मानुएल बारोसो २०१४ मध्ये पदावरून गेले आणि २०१६ च्या जुलैमध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत गेले. तेव्हाची मुदत अठरा महिन्यांची होती आणि ती नुकतीच संपलेली होती. आयोगाच्या नैतिकता समितीने भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. वास्तविक युरोपीय संघाच्या करारातील कलम २४५ पदावरून गेल्यानंतरही सचोटी आणि संयम पाळण्याचे कर्तव्य घालते, त्याला काळाची मर्यादा नाही, आणि भंग झाल्यास निवृत्तिवेतन काढून घेण्यापर्यंतचा अधिकार न्यायालयाला आहे. एवढा व्यापक नियम हाताशी असताना सगळी चर्चा अठरा महिने पूर्ण झाले की नाही यावर येऊन थांबली. पुढे २०१८ मध्ये आयोगाने नवी आचारसंहिता करून आयुक्तांसाठी दोन आणि अध्यक्षांसाठी तीन वर्षांची मुदत ठरवली.

प्रतिसाद : अभ्यासक

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. 'काळ' आणि 'संबंध' या दोन कसोट्यांमधला फरक मला आता स्पष्ट दिसतो आहे.

तरीही एक शंका उरते. 'थेट आणि लक्षणीय संबंध' ही कसोटी उद्योग किंवा संरक्षण खात्याच्या मंत्र्याला लावता येईल. अर्थमंत्र्याचे काय? त्याच्या अर्थसंकल्पातील एका कलमाचा परिणाम देशातील प्रत्येक कंपनीवर होतो. पंतप्रधानांचा संबंध तर सगळ्यांशीच असतो. कसोटी ताणली तर त्यांना कुठेच जाता येणार नाही, आणि सैल केली तर कुठेही जाता येईल. शिवाय असा संबंध होता की नव्हता हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या कागदावरून? आणि भारतात याबाबत काय स्थिती आहे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद : लेखनिक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भारतीय राज्यघटनेला ही कल्पना मुळीच अपरिचित नाही. कलम १२४(७) नुसार सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. कलम २२० नुसार उच्च न्यायालयाचा माजी स्थायी न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात आणि इतर उच्च न्यायालयांत वकिली करू शकतो, पण ज्या उच्च न्यायालयात तो स्थायी न्यायाधीश होता तिथे नाही. म्हणजे संबंधावर बेतलेली कसोटी आपल्या घटनेत १९५६ पासून लिहिलेली आहे. कलम १४८(४) नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पदावरून गेल्यावर केंद्र किंवा राज्य सरकारचे कोणतेही पद घेता येत नाही. लोकसेवा आयोगांच्या अध्यक्ष आणि सदस्यांसाठी कलम ३१९ मध्ये तशाच मर्यादा आहेत. वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत व्यापारी स्वरूपाची नोकरी घ्यायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते.

मंत्र्यांसाठी मात्र यातले काहीही नाही. केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांसाठीची आचारसंहिता १९६४ पासून आहे. पदावर येताना व्यवसायाशी असलेले संबंध तोडावेत, मालमत्तेचा तपशील कळवावा, कुटुंबीयांच्या धंद्याबाबत सावध राहावे, असे ती सांगते. पद सोडल्यानंतरच्या नोकरीवर ती बंधन घालत नाही. फाईलवर टिपण लिहिणारा सचिव वर्षभर थांबतो आणि त्याच फाईलवर अंतिम सही करणारा मंत्री दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊ शकतो, ही विसंगती मला अतिशय खटकते. मूलभूत हक्काचा आक्षेप यावर घेतला जातो. कलम १९(१)(छ) व्यवसायाचे स्वातंत्र्य देते हे खरे, परंतु त्याच अनुच्छेदाचा सहावा खंड सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांना जागा देतो. सरसकट तीन वर्षांची बंदी न्यायालयात टिकवणे अवघड जाईल. स्वतः निर्णय घेतलेल्या प्रकरणापुरते, ठरावीक मुदतीचे आणि अपिलाची सोय असलेले निर्बंध वाजवी ठरण्याची शक्यता माझ्या मते पुष्कळ आहे.

आता अर्थमंत्र्याची अडचण. धोरण आणि निर्णय यांत फरक करावा लागतो. सगळ्या कंपन्यांचा कर कमी करणे हे धोरण झाले. त्याचा लाभ एखाद्या कंपनीला झाला म्हणून तिच्याशी विशेष संबंध आला असे म्हणता येत नाही. एका कंपनीला परवाना देणे, तिच्याशी कंत्राट करणे, तिच्याविरुद्धची करवसुली तडजोडीने मिटवणे, तिला अनुदान किंवा हमी देणे, तिच्या विलीनीकरणाला मान्यता देणे, हे सगळे निर्णय झाले. याच्या मधली पट्टी कठीण आहे, हे मी मान्य करतो. दोन-तीनच कंपन्या असलेल्या क्षेत्रासाठी केलेला नियम कागदावर धोरण असतो आणि प्रत्यक्षात निर्णय. अशा जागी माणसाची विवेकबुद्धीच लागते, आणि ती वापरणारी व्यक्ती त्या मंत्र्याच्या पक्षाची किंवा त्याच्या सरकारने सहज हलवता येणारी नसावी लागते. फ्रान्समध्ये सार्वजनिक जीवनातील पारदर्शकतेसाठी २०१३ च्या कायद्याने स्थापन झालेले स्वतंत्र प्राधिकरण हेच काम करते. माजी मंत्र्याचे नियोजित काम ते सुसंगत, अटींसह सुसंगत किंवा विसंगत ठरवते. २०२२ मध्ये माजी परिवहनमंत्री जाँ-बाप्तिस्त जेब्बारी यांना सागरी वाहतुकीच्या एका मोठ्या समूहात जाण्यास त्याने मनाई केली, आणि त्याच सुमारास मोटारनिर्मितीतल्या दुसऱ्या एका कंपनीत अटींसह जाऊ दिले. एकाच व्यक्तीच्या दोन अर्जांवर दोन वेगळे निर्णय, कारण दोन्ही कंपन्यांशी आलेला संबंध वेगळा. माणसाची उपजीविका बंद न करता नेमका धोका अडवणे यालाच म्हणतात.

कागदाचा प्रश्न आपण विचारलात, तो सर्वांत व्यावहारिक आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मंत्र्याने पदावर असताना कोणाची भेट घेतली, कोणत्या विषयावर घेतली, कोणत्या फाईलवर कोणता शेरा मारला, याची नोंद नसेल तर पद सोडल्यानंतर 'संबंध' सिद्ध करायला आधारच राहत नाही. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या बाहेरच्या व्यक्तींशी झालेल्या भेटींची यादी २०१० पासून तिमाहीवार प्रसिद्ध होते आणि युरोपीय आयोगाचे सदस्य २०१४ च्या अखेरीपासून हितसंबंधींशी होणाऱ्या भेटी जाहीर करतात. या याद्या अनेकदा उशिरा येतात, विषयाच्या रकान्यात 'सर्वसाधारण चर्चा' एवढेच लिहिलेले असते, आणि भ्रमणध्वनीवरील संदेश तर तिथे येतच नाहीत. ग्रीनसिल प्रकरणातला बराचसा संपर्क संदेशांतूनच झाला होता. त्यामुळे आपल्या टिपणात भेटींच्या नोंदीवर एक स्वतंत्र भाग असावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रतिसाद : प्रशासन

लेखनिक यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो, कारण अंमलबजावणीचा मुद्दा अजून अर्धवट राहिला आहे.

पद सोडलेला माणूस सरकारच्या शिस्तीच्या कक्षेबाहेर गेलेला असतो, त्यामुळे त्याला शिक्षा कशी करायची, या प्रश्नावर बहुतेक चर्चा अडतात. फ्रान्सने त्यासाठी फौजदारी तरतूद ठेवली आहे: ज्या कंपनीवर देखरेख केली किंवा जिच्याशी करार केला तिथे तीन वर्षांच्या आत गेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. उघड आणि गंभीर प्रकरणांसाठी ही तरतूद योग्य आहे. रोजच्या संशयास्पद प्रकरणांत मात्र फौजदारी खटला चालवणे जड जाते आणि म्हणून तो चालवला जात नाही.

कॅनडाच्या कायद्यात मला याहून उपयुक्त वाटणारी एक वाट आहे. माजी मंत्री आपली बंधने पाळत नाही असे आयुक्तांचे मत झाले, तर ते पदावर असलेल्या मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना त्याच्याशी अधिकृत व्यवहार न करण्याचा आदेश देऊ शकतात. बंधन इथे बाहेर गेलेल्यावर पडत नाही, आत असलेल्यावर पडते, आणि आत असलेला माणूस सरकारच्या शिस्तीच्या कक्षेत असतोच. कंपनी माजी मंत्र्याला ज्या कारणासाठी मानधन देते ते कारणच या आदेशाने नाहीसे होते. ज्याच्याशी मंत्रालयात कोणी बोलू शकत नाही अशा माणसाला कंपनी त्याच्या ज्ञानासाठी ठेवेल, ओळखींसाठी ठेवणार नाही.

आपल्या टिपणात मसुद्याच्या स्वरूपात काही सुचवायचे असेल तर मी हे कलम पहिल्यांदा घेईन, आणि त्याच्याबरोबर एक जबाबदारी जोडीन: माजी मंत्र्याने कोणत्याही कंपनीच्या कामासाठी फोन, संदेश किंवा भेट अशा कोणत्याही मार्गाने संपर्क साधला, तर ज्याच्याशी संपर्क साधला त्या मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने तो ठरावीक दिवसांत लेखी नोंदवावा. मुदत एक वर्षाची ठेवायची की तीन, यावर मतभेद राहतील. ही नोंद मात्र मुदत संपल्यानंतरही चालू ठेवता येते आणि तिने कोणाची नोकरी जात नाही.

प्रतिसाद : अभ्यासक

हे कलम मी टिपणात घेतो आहे. भेटींच्या नोंदीचा भाग आणि हे कलम एकमेकांना जोडूनच मांडावे लागेल, असे दिसते. नोंदीत संदेशांचा समावेश कोणत्या शब्दांत करावा, याचा कच्चा मसुदा तयार झाला की इथेच ठेवीन. विधिज्ञ यांनी तो कायद्याच्या नजरेने तपासून द्यावा, अशी विनंती करतो.